रॉक बँडमधल्या गिटारवादकाने चित्रपटाचं पार्श्वसंगीत करायचं तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका रॉक बँडमध्ये अनेक वर्षं गिटार वाजवतो, गाणी स्वतःच रचतो. एका दिग्दर्शक मित्राने त्याच्या पहिल्या मराठी चित्रपटाचं पार्श्वसंगीत करशील का म्हणून विचारलं आहे. नोटेशन वाचता येत नाही, वाद्यवृंदासाठी कधी लिहिलेलं नाही. डॅनी एल्फमन (ओइंगो बोइंगो), जॉनी ग्रीनवुड (रेडिओहेड), ट्रेंट रेझ्नर (नाइन इंच नेल्स) हे रॉकमधूनच सिनेमात गेले, त्यांना हे कसं जमलं? काय शिकावं लागेल? आणि बँड सोडावा लागेल का?

काम घ्या, हे पहिलं. मीही एकेकाळी बँडमध्ये बेस वाजवायचो आणि आता बरीच वर्षं मुंबईत बॅकग्राउंडचंच काम करतो, त्यामुळे तुमची धाकधूक मला ओळखीची आहे. नोटेशन न येणं ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती बँडवाल्यांच्या लक्षात सहसा निम्मा चित्रपट करून झाल्यावर येते. आपल्याला गाणं करायची सवय असते, आणि सीनला गाणं नको असतं.

तुम्ही घेतलेल्या तीन नावांचं शिक्षण एकसारखं नाही. एल्फमन संगीत शिकायला कुठल्या शाळेत गेलाच नाही. ग्रीनवुड लहानपणापासून व्हायोला वाजवायचा, ऑक्सफर्डमध्ये संगीताच्या पदवीला त्याने प्रवेशही घेतला होता. 1991 साली रेडिओहेडला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला आणि ते शिक्षण तिथेच सुटलं. रेझ्नर लहानपणी पियानो शिकलेला. तेव्हा शिक्षणात याचं उत्तर सापडत नाही. तिघांमध्ये सारखी असलेली गोष्ट अशी, की मोठा चित्रपट हातात येण्याआधीच तिघांनीही गाण्याच्या साच्याबाहेरचं संगीत करून ठेवलं होतं. दिग्दर्शक त्यांच्यापर्यंत पोचले ते बऱ्याच अंशी त्यामुळे.

एल्फमनचं बघा. ओइंगो बोइंगो हा लॉस एंजेलिसचा बँड म्हणून आपल्याला माहीत आहे, पण त्याआधी ती ‘मिस्टिक नाइट्स ऑफ द ओइंगो बोइंगो’ नावाची रंगमंचावरची मंडळी होती. त्याच्या थोरल्या भावाने, रिचर्डने, ती सुरू केली होती. नाटक, सोंगं, ब्रास, तऱ्हेतऱ्हेची तालवाद्यं, जुनं जॅझ असा सगळा मामला. एल्फमनने तिथे ड्यूक एलिंग्टनसारख्यांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून वाद्यांचे भाग कागदावर उतरवले. कोणत्या वाद्याखाली कोणतं वाद्य ठेवलं की काय होतं, हे तो असं कानाने शिकला. भावाच्या एका लहानशा चित्रपटाला त्याने संगीतही दिलं. त्यामुळे 1985 साली टिम बर्टनच्या ‘पी-वीज बिग ॲडव्हेंचर’साठी त्याला बोलावणं आलं तेव्हा तो बाहेरून नवखा दिसत असला, तरी नाट्यासाठी संगीत करण्यात मुरलेला होता.

ग्रीनवुडने 2000 सालच्या ‘किड ए’ या रेडिओहेडच्या अल्बमसाठी व्हायोलिन-चेलोचे भाग लिहिले होते. 2003 मध्ये ‘बॉडीसाँग’ या माहितीपटाचं संगीत केलं. मग बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राचा निवासी संगीतकार म्हणून 2005 साली ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ ही फक्त तंतुवाद्यांसाठीची रचना लिहिली. पॉल थॉमस अँडरसनने ती ऐकली आणि ‘देअर विल बी ब्लड’चं काम त्याला दिलं. रेझ्नरने 2008 साली ‘घोस्ट्स’ हा 36 तुकड्यांचा, सबंध वाद्यसंगीताचा संग्रह काढला. दोन वर्षांनी डेव्हिड फिंचरच्या ‘द सोशल नेटवर्क’मध्ये त्यातल्या दोन तुकड्यांना नवं रूप मिळालं. त्या चित्रपटासाठी त्याला आणि त्याचा जोडीदार ॲटिकस रॉसला ऑस्कर मिळालं.

म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न: शब्द नाहीत, धृपद नाही, सोलो नाही, आणि तरीही पाच मिनिटं ऐकवेल असं काही तुम्ही केलं आहे का? केलं असेल तर ते दिग्दर्शकाला आजच ऐकवा. नसेल तर चित्रपटाचा एडिट हातात पडायच्या आधी तेवढंच करा. बाकी सगळं कामाच्या ओघात शिकता येतं. हे मात्र डेडलाइन समोर असताना शिकता येत नाही.

गाण्याची सवय नेमकी कुठे आडवी येते ते सांगतो. गाणं स्वतःपुरतं पूर्ण असतं. चार किंवा आठ बारांनी (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) ताण वाढतो, सुटतो, धृपदाला पुन्हा घरी येतो. आपले हात असे घडलेले असतात की चौथ्या कॉर्डनंतर पहिली कॉर्ड आपोआप येतेच. सीनमध्ये हे घातक ठरतं, कारण तुमचं संगीत घरी पोचलं की प्रेक्षकाच्या मनात तो सीन संपतो. पडद्यावर मुलगी अजून दारात उभी आहे, वडिलांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तुमच्या कॉर्डने मात्र ‘झालं’ असं सांगून टाकलेलं असतं. दिग्दर्शक म्हणतो, सीन लांबल्यासारखा वाटतोय. एडिटर दोन शॉट उडवतो. दोष संगीताचा असतो आणि कात्री चित्राला लागते. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता नवीन माणसाला पहिला नियम हाच सांगतो: क्यू, म्हणजे सीनमागचा संगीताचा तुकडा, अर्धवट सोडायला शिका. षड्जावर येऊ नका. दार आपटलं, बस सुरू झाली, कुणी खुर्ची सरकवली, अशा एखाद्या आवाजाच्या आड संगीत काढून घ्या. कधी थांबलं ते कळलंच नाही, असं व्हायला हवं.

दुसरी गोष्ट वेळेची. गाण्यात वेळ आपल्या मालकीचा असतो, सिनेमात तो एडिटरच्या हातात असतो. याचं गणित सोपं आहे, पण बसून एकदा करावं लागतं. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमने चालतो. टेम्पो 120 (मिनिटाला 120 बीट) ठेवला तर एक बीट बरोबर 12 फ्रेमचा, आणि चार बीटचा बार दोन सेकंदांचा. समजा क्यू सुरू झाल्यापासून 13.5 सेकंदांनी पात्राला पत्र दिसतं आणि तिथे तुम्हाला सूर बदलायचा आहे. 120 च्या टेम्पोत तोवर 27 बीट होतात, म्हणजे पत्र दिसतं ते सातव्या बारच्या चौथ्या बीटवर. बँडवाला इथे अडतो, कारण त्याला बदल बारच्या पहिल्या बीटवर हवा असतो. दोन वाटा आहेत. टेम्पो 124.4 च्या आसपास न्या, मग 28 बीट त्याच वेळात बसतात आणि आठव्या बारचा पहिला बीट पत्रावर पडतो. किंवा टेम्पो 120 च ठेवा आणि सातवा बार तीन बीटांचा करा. मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते. एक बीट गळला की ऐकणाऱ्याला नेमकं काय झालं ते कळत नाही, पण पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, आणि पत्राच्या त्या क्षणाला तेच हवं असतं. प्रोग रॉक (विषम तालांचं, गुंतागुंतीचं रॉक) वाजवलं असेल तर विषम बार तुमच्या अंगात आहेतच, ते इथे कामी येतील.

मात्र प्रत्येक कटवर संगीत आपटवू नका. सीनमध्ये एखादीच जागा अशी असते जिथे संगीताने चित्राशी गाठ बांधायची. बाकीच्या जागा सुटू द्या. ती एक जागा कोणती, हे ठरवायला स्पॉटिंगला दिग्दर्शक आणि एडिटरसोबत बसावंच लागतं. पूर्ण चित्रपट बघायचा, थांबत थांबत, आणि संगीत कुठे येतं, का येतं, कुठे जातं हे लिहून काढायचं. या बैठकीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असतो संगीत कुठे नको याचा. आपल्याकडे रडण्याच्या सीनला बासरी किंवा सारंगी अंथरायची सवय इतकी पक्की आहे की शांततेची सूचना नवीन संगीतकाराने करायला धीर लागतो. तो धीर करा. चांगला नट असेल तर तुमचे तीन क्यू वाचतील आणि चित्रपट सुधारेल.

आता गिटार. तुम्हाला गिटारबद्दल विचारायचं नव्हतं कदाचित, पण तुमच्या मनात ती असणारच. डिस्टॉर्शन लावलेली इलेक्ट्रिक गिटार साधारण 300 हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतची जागा भरून टाकते. माणसाचं बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यामुळे, कारण व्यंजनं तिथे असतात. दोघं एकाच जागेवर आली की मिक्सिंगला बसलेला माणूस संवाद वाचवणार आणि तुमची गिटार खाली ओढणार. खाली ओढलेली डिस्टॉर्टेड गिटार शेजारच्या घरात लागलेल्या मिक्सरसारखी ऐकू येते, तिच्यात ना जोर उरतो ना अर्थ. संवादाच्या सीनमध्ये म्हणून वेगळं वाजवावं लागतं. स्ट्रमिंग बंद. एकेक सूर, खालच्या तारांवर. व्हॉल्यूम पेडलने सुराचा सुरुवातीचा ठोका पुसून टाका, ई-बो (तार सतत झंकारत ठेवणारं छोटं उपकरण) असेल तर उत्तम. ॲम्पपासून माइक लांब ठेवा आणि खोलीचा आवाज येऊ द्या. आणि अक्षरांवर वाजवू नका, दोन वाक्यांमधल्या जागेत वाजवा. पेटीची साथ करणारा चांगला वादक गायकाची जागा पूर्ण होईपर्यंत थांबतो आणि मग तिचाच एखादा तुकडा हलकेच पुढे नेतो. नटाच्या संवादामागे तुमचं काम तेवढंच आणि तितकंच कठीण आहे.

निव्वळ गिटारवर चित्रपट तोलता येत नाही असं मात्र नाही. विम वेंडर्सच्या ‘पॅरिस, टेक्सस’ला (1984) राय कूडरने स्लाइड गिटार दिली, ब्लाइंड विली जॉन्सनच्या 1920 च्या दशकातल्या एका ब्लूज रेकॉर्डिंगच्या आधाराने. जिम जार्मुशच्या ‘डेड मॅन’साठी (1995) नील यंगने पडद्यावर चित्रपट लावून, तो बघत बघत, बहुतांश इलेक्ट्रिक गिटारवरच उत्स्फूर्त वाजवलं. दोन्हीकडे का जमलं ते बघा. दोन्ही चित्रपटांत मोकळी जमीन आहे, बोलणं कमी आहे, आणि सुराला विरत जायला वेळ आहे. तुमच्या मित्राचा चित्रपट चाळीतल्या भांडणांचा असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

मग रॉकवाल्याकडे खास असं काय असतं, जे कॉन्झर्व्हेटरीतून, म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या शाळेतून, आलेल्याकडे सहसा नसतं? माझ्या मते ध्वनीची हाताळणी. आपण आयुष्यभर एकच सूर पन्नास तऱ्हांनी वाजवून बघतो. पेडल बदलतो, ॲम्प बदलतो, माइक हलवतो, फीडबॅक कुठे उभं राहिल्यावर येतो ते शोधतो. सूर कोणता यापेक्षा तो कसा ऐकू येतो याची आपल्याला जास्त पर्वा असते. चित्रपटाला नेमकं हेच हवं असतं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण ‘द सोशल नेटवर्क’मध्ये आहे. सुरुवातीला नायक रात्री एकटा वसतिगृहाकडे जातो, तेव्हा पियानोवर मोजकेच सूर वाजतात आणि खाली एक अस्वस्थ गुणगुण असते. ही धून पुढे पुन्हा येते. सूर तेच. पण रेझ्नर आणि रॉसने पियानोपासून माइक दर वेळी आणखी लांब नेऊन ध्वनिमुद्रण केलं. पहिल्यांदा पियानो कानाशी आहे, हातोड्यांचा आवाजही जाणवतो. शेवटी तो कुठल्या तरी लांबच्या खोलीत वाजतोय असं वाटतं. माणूस माणसांपासून तुटत जातो ही चित्रपटाची गोष्ट माइकच्या जागेतून सांगितली आहे. यासाठी नोटेशन लागलं नाही, शंभर वादक लागले नाहीत. स्टुडिओत रात्री जागून ज्याने माइक हलवले आहेत त्यालाच हे सुचतं, आणि तुम्ही ते केलेलं आहे.

ग्रीनवुडनेही हेच केलं, फक्त तंतुवाद्यांवर. ‘देअर विल बी ब्लड’ सुरू होतो तेव्हा पडद्यावर उजाड डोंगर आहेत आणि कानावर व्हायोलिन-व्हायोलांचा एक दाट गोळा, ज्यातले सूर घसरत घसरत एकाच सुरावर येऊन मिळतात. पुढची दहा-पंधरा मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत. हा गोळा येतो पेंदेरेत्स्की या पोलिश संगीतकाराकडून. हिरोशिमाच्या मृतांना वाहिलेली त्याची रचना ग्रीनवुडच्या मनात घर करून होती; 2012 साली तर दोघांच्या रचना एकाच अल्बमवर आल्या. पण मला त्यात रेडिओहेडचा गिटारवादकही स्पष्ट ऐकू येतो. रेडिओच्या दोन स्टेशनांमधली खरखर, ॲम्पचा फीडबॅक, डिले पेडलवर सुरांचा होणारा चिखल, हे सगळं त्याने वादकांच्या हातांनी करून घेतलं आहे. तेलविहिरीला आग लागते त्या सीनमध्ये तर त्याने ‘बॉडीसाँग’मधला तालवाद्यांचा जुना तुकडाच वापरला, आणि तो तिथे असा बसला आहे की तो दुसऱ्या चित्रपटासाठी केला होता यावर विश्वास बसत नाही. आधी केलेल्या संगीताचं प्रमाण जास्त असल्यामुळे ते संगीत ऑस्करच्या स्पर्धेत बसलं नाही. माझ्या लेखी त्या दशकातलं ते सर्वोत्तम पार्श्वसंगीत आहे आणि राहील.

2021 च्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’साठी त्याने चेलो बँजोसारखा बोटांनी वाजवला. घोडे, गुरं, मोंटानातलं रान म्हटल्यावर बँजो किंवा गिटार येणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने बोटांची हालचाल बँजोची ठेवली आणि वाद्य बदललं, त्यामुळे ओळखीचं काहीतरी बिनसल्यासारखं ऐकू येतं, आणि त्या चित्रपटात खरोखरच सगळं आतून बिनसलेलं आहे. तुमचा चित्रपट गावाकडचा असेल तर हे लक्षात ठेवा. ढोलकी, संबळ, तुणतुणं ही फार जिवंत वाद्यं आहेत, पण ‘गाव आलं’ एवढंच सांगायला त्यांचा वापर करणं हा त्यांचाही अपमान आहे. संबळाच्या कातड्यावर ब्रश फिरवून बघा. तुणतुण्याच्या तारेवर बो ओढून बघा. तुम्हाला पेडलबोर्डची सवय आहे, तिथूनही पाठवून बघा.

नोटेशनकडे येतो. तुम्ही एकटे असाल तर ते शिकायला लागा, निदान वाचता येईल इतकं. पण या चित्रपटासाठी त्याची वाट बघू नका. ‘बॅटमॅन’च्या (1989) वेळी एल्फमनला मुख्य धून विमानात सुचली आणि त्याने ती स्वच्छतागृहात जाऊन टेपरेकॉर्डरवर गुणगुणून ठेवली, ही गोष्ट त्याने स्वतः सांगितलेली आहे. वाद्यवृंदाची मांडणी त्याच्याच बँडचा गिटारवादक स्टीव्ह बार्टेक करायचा. पहिल्या मोठ्या चित्रपटापासून दोघं बरोबर आहेत. ‘बॅटमॅन’चं संचालन शर्ली वॉकरने केलं. रॉकवाल्याला हे लिहिता येणं शक्य नाही, दुसरंच कुणी लिहितं, असा आरोप तेव्हा त्याच्यावर झाला आणि तो त्याला फार लागला. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ संगीतकार आणि अरेंजर अशा जोडीनेच उभा आहे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या माणसांनी पेटीवर सुचलेल्या चालींना पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनच्या रांगा दिल्या. अरेंजर म्हणून त्यांची नावं पडद्यावर सहसा यायची नाहीत हा अन्याय होता. तुम्ही ऑर्केस्ट्रेटर (वाद्यवृंदाची मांडणी करणारा) घ्याल तेव्हा त्याचं नाव श्रेयनामावलीत घालायचा आग्रह निर्मात्याकडे तुम्हीच धरा.

व्यवहारात हे असं होतं: तुम्ही कीबोर्डवर सॅम्पल (वाद्यांचे ध्वनिमुद्रित सूर) वापरून क्यू बांधता, मिडी फाइल (कोणता सूर कधी, याची संगणकी नोंद) ऑर्केस्ट्रेटरला देता, तो ती वाजवता येईल अशी करतो. सॅम्पलचा व्हायोलिनवादक श्वास न घेता दोन मिनिटं एकच सूर धरतो, त्याला बो उलटवावा लागत नाही. खऱ्या माणसाला लागतो. वादक मुंबईत आहेत, चेन्नईत फार उत्तम आहेत, आणि बजेट असेल तर बुडापेस्ट किंवा स्कोप्येच्या वाद्यवृंदाकडून ऑनलाइन बसूनही ध्वनिमुद्रण होतं. पहिल्या मराठी चित्रपटात तेवढे पैसे नसतात. मग पूर्ण वाद्यवृंदाचा खोटा आवाज करत बसण्यापेक्षा चार चांगले वादक घ्या. क्लिंट मॅन्सेल हा पॉप विल ईट इटसेल्फ या इंग्लिश बँडचा गायक-गिटारवादक. ‘रेक्विएम फॉर अ ड्रीम’मध्ये (2000) त्याच्या इलेक्ट्रॉनिक्ससोबत क्रोनोस क्वार्टेट हा तंतुवाद्यांचा चमू आहे, म्हणजे फक्त चार माणसं. त्या संगीताची धार आजही कमी झालेली नाही.

टेम्प ट्रॅकची गाठ तुमच्याशी पडणारच. एडिट करताना दिग्दर्शक दुसऱ्या कुठल्या चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतो, शेकडो वेळा ऐकतो, आणि मग त्याला दुसरं काही गोड लागत नाही. यावर भांडण करून उपयोग नाही. त्यापेक्षा आधी पोचा. रेझ्नर आणि रॉसने ‘द सोशल नेटवर्क’साठी चित्र समोर नसतानाच बरेचसे कच्चे तुकडे करून फिंचरला पाठवले होते. तुम्हीही पटकथा मागून घ्या, शूटिंग चालू असतानाच दहा-बारा मिनिटांचं साहित्य तयार करा: एक अस्वस्थ, एक मोकळं, एक नुसतं ड्रोन, एक फक्त ताल. एडिटरला द्या आणि सांगा, लावायचं तर हेच लाव. मग टेम्प तुमचाच असतो. आणि दुसऱ्याचा टेम्प आधीच लागला असेल तर दिग्दर्शकाला एवढंच विचारा की यातलं नेमकं काय आवडतंय: वेग, वाद्य, की मधली रिकामी जागा? बहुतेक वेळा उत्तर वेग असतं, आणि मग तुम्ही मोकळे होता.

तांत्रिक बाजू थोडक्यात. ध्वनिमुद्रण 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर करा. पिक्चर लॉक (एडिट पक्का) झाल्याशिवाय बारीक सिंक करत बसू नका, आणि लॉक म्हणून दिलेला एडिटही एकदा तरी उघडतो, तेव्हा टेम्पो मॅप (कुठे किती वेग याचा आराखडा) बदलता येईल अशीच सेशन ठेवा. रॉकच्या मास्टरसारखा लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) लावून आवाज भिंतीला टेकवू नका. थिएटरचं मिक्सिंग ठरलेल्या पातळीवर कॅलिब्रेट केलेल्या खोलीत होतं, तिथे हळू ते हळू आणि मोठं ते मोठं राहू शकतं. स्टेम, म्हणजे वाद्यगटांचे ट्रॅक, वेगवेगळे द्या: ताल, बेस, तंतुवाद्यं, गिटार, पॅड, सगळे एकाच टाइमकोडपासून सुरू होणारे. रिव्हर्ब शक्यतो वेगळा. मधला स्पीकर संवादाचा आहे, तो मोकळा सोडा. आणि फायनल मिक्सला स्वतः जा, बोलावलं नाही तरी.

पैशांचं आधी बोला, मैत्री असली तरी. आपल्याकडे बहुधा एकरकमी पॅकेज ठरतं आणि वादक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं त्यातूनच भागवायचं असतं. तुमचं मानधन आणि निर्मितीचा खर्च हे दोन आकडे कागदावर वेगळे लिहून घ्या, नाहीतर एक चेलो जास्त लावला की तो तुमच्या घरभाड्यातून जातो. लॉकनंतर एडिट बदलल्यास वाढीव काम कोणाच्या खर्चाने, तेही लिहा. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही. आयपीआरएसचे (संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सदस्य व्हा आणि क्यू शीट, म्हणजे कुठल्या मिनिटाला कुणाचं किती संगीत आहे याचा तक्ता, स्वतः भरून द्या. पार्श्वसंगीतवाले हे विसरतात, कारण सगळ्यांचं लक्ष गाण्यांवर असतं.

आणि बँड. एल्फमनने 1985 ते 1995 अशी दहा वर्षं दोन्ही केलं. ग्रीनवुड अजूनही रेडिओहेडमध्ये आहे. 2025 च्या ‘ट्रॉन: एरीस’चं संगीत तर रेझ्नर आणि रॉसने स्वतःच्या नावाने न देता नाइन इंच नेल्स याच नावाने दिलं. आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन ओशनने ‘ब्लॅक फ्रायडे’चं संगीत बँड म्हणून केलं आणि पुढेही स्टेजवर वाजवत राहिले. बँड सोडण्यात काहीच शहाणपण नाही, कारण तुमचे पहिले वादक तेच आहेत. तुमचा ड्रमर स्नेअर सैल करून मॅलेटने काय काय करू शकतो ते कुठल्याही सॅम्पल लायब्ररीत मिळणार नाही, आणि तालमीची ती खोली कशी वाजते हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. एक दिवस सगळ्यांना बोलवा, सीन पडद्यावर लावा, कुणीही कॉर्ड वाजवायची नाही एवढीच अट घाला आणि रेकॉर्ड चालू ठेवा.

फक्त स्टेजवर इअरप्लग घालायला लागा, या आठवड्यापासून. बँड थांबवताना एल्फमनने कानांना झालेली इजा हे एक कारण सांगितलं होतं. संवादाच्या मागे दबलेला एक चेलो बरोबर आहे की अर्धा डेसिबल जास्त, हे ठरवायचं काम आता तुमच्याकडे येणार आहे.